कुत्र्यावर उलटलेला ससा : एक दंतकथा, चार राजधान्या



बडोद्याच्या या शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. थोरले बाजीराव मुठेकाठी फिरत असता एका सशामागे कुत्रे लागले. ससा पळता पळता थबकला आणि उलट कुत्र्यांवरच धावून गेला. कुत्रे हटले, ससा वाचला. ही भूमी अजिंक्य आहे असे मानून पेशव्यांनी तेथेच शनिवारवाडा बांधला. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत. वाड्यापेक्षा ससा जगला याचाच आम्हां मुलांना आनंद अधिक झाला होता.

पुढे अहमदाबादेस गेलो, तर हाच ससा तेथे आधीच हजर! सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीकाठी शहर वसविले, तेही कुत्र्यांवर उलटलेला ससा पाहून, असे तेथील लोक सांगतात. फेर्नांव नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने १५३५ च्या सुमारास विजयनगरच्या स्थापनेची हीच कथा नोंदविली आहे. बिदरला सशाच्या जागी कोल्हा येतो आणि अहमदशहा बहामनी गुलबर्ग्याहून आपली राजधानी तेथे हलवितो.

एकच ससा चार ठिकाणी वाचला, हे इतिहासाला मान्य होण्याजोगे नाही. नुनिशची नोंद विजयनगरच्या स्थापनेनंतर सुमारे दोनशे वर्षांची, हेही ध्यानात घ्यावे. जागांची निवड कशी झाली याची कारणे जमिनीवरच दिसतात. विजयनगरला तुंगभद्रेचे पात्र आणि प्रचंड शिळांचे नैसर्गिक संरक्षण होते. अहमदाबादेच्या जागी आशावल, कर्णावती ही वस्ती पूर्वीपासून होती. पुण्यात कसब्याची जुनी पेठ आणि शिवकालीन लाल महाल जवळच होता. मग कथा टाकून द्यावी काय? माझ्या मते, नाही. तिला घटनेची साक्ष मानू नये. सांगणाऱ्यांच्या मनाची साक्ष मानावी.

या चारही राजधान्यांत एक समान धागा आढळतो. विजयनगर तुघलकांच्या दक्षिणस्वारीनंतर उभे राहिले. बहामनी सत्ता १३४७ मध्ये दिल्लीपासून फुटली, गुजरातची सल्तनत १४०७ मध्ये. बाजीरावांची तर सारी कारकीर्द मोगलांशी झुंजण्यात गेली. १७३७ मध्ये ते प्रत्यक्ष दिल्लीच्या वेशीवर धडकले. बलाढ्य दिल्लीपुढे नवी सत्ता म्हणजे कुत्र्यांपुढचा ससा. राज्यकर्त्यांचे धर्म भिन्न, भाषा भिन्न, काळ भिन्न. तरी आपल्या धाडसासाठी लोकमानसाने दृष्टान्त एकच निवडला. ही गोष्ट कोणा एकाच्या मालकीची नाही, हेच तिचे खरे मोल.

आणि भूमीच्या अजिंक्यतेचे काय झाले? १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर उद्ध्वस्त झाले. बिदरचे बहामनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या. १७५३ मध्ये अहमदाबाद राघोबादादा आणि दमाजीराव गायकवाड यांच्या हाती आले, म्हणजे त्या सशाच्या भूमीत आमचे पूर्वजच शिरले. १८१७ मध्ये तेथील मराठ्यांचा अंमलही संपला. १८१७ मध्येच शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या आगीत वाडा जळाला. जिंकण्याचा गुण मातीत असता, तर असे घडते ना. ससा वाचला तो मातीमुळे नव्हे. पळणे थांबवून तो वळला म्हणून वाचला.

शिक्षक मित्रहो, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगा. पण चारही गावांची सांगा. आपल्याच गावची माती थोर, एवढाच बोध घेऊन मूल घरी गेले, तर आपण त्याला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. परप्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तिचा उरलेला अर्धा भाग अधिक जवळचा वाटावा. पटावरची संख्या रोडावली की आपण पूर्वजांच्या पराक्रमाचा आधार शोधतो. तो आधार पुरेसा नाही. वळून उभे राहण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्यानेच करावे लागते.