तळटीप : टॉर्चर, टॉर्मेंट आणि शेजारपाजार

* ‘टॉर्चर’ आणि ‘टॉर्मेंट’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांच्या मुळाशी पिळणे या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे, पण वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘टॉर्चर’मागे सहसा छळणारा माणूस आणि त्याचा हेतू असतो : कबुली काढणे, जरब बसवणे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या छळविरोधी करारात तर सरकारी माणसाचा हात किंवा मूकसंमती असल्याशिवाय ही संज्ञा लागूच होत नाही. ‘टॉर्मेंट’ डासही करतात, मत्सरही. ‘अफ्लिक्ट’ हे बहुधा रोगाचे, दुष्काळाचे काम. त्याचे कर्म माणूस. ‘इन्फ्लिक्ट’चे कर्म मात्र जखम किंवा शिक्षा, माणूस नव्हे, इथे भलेभले घसरतात. या प्रकरणात ‘छळ’ हा शब्द म्हणूनच पोलीस कोठडीपुरता राखला आहे. — संपादक