आरटीओतला वैताग आणि संशोधनाचा प्रश्न

कॉलेजात असताना गाडीच्या लायसन्ससाठी मी आरटीओत गेले होते. 8 चा आकडा काढताना माझा पाय जमिनीला टेकला, असं साहेबांचं म्हणणं. माझ्या मते टेकला नव्हता. नापास. दुसऱ्या खेपेला गेटबाहेर छत्री लावून बसलेल्या एका काकांना पैसे दिले. त्या दिवशी मी मैदानात गाडी चालवलीच नाही, आणि लायसन्स मात्र आलं.

ही गोष्ट मी अनेक वर्षं हशा पिकवायला सांगायचे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी गाईडसमोरही सांगितली आणि म्हटलं, यावर काहीतरी करू या. सर म्हणाले, "ठीक आहे. पण साहेबांनी तुला मुद्दाम नापास केलं, हे तुला कसं कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे प्रपोजल लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी आज याच प्रश्नाबद्दल लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास, कारण या ऑफिसचं नावच फसवं आहे. आपण आरटीओला लायसन्सचं ऑफिस समजतो. पण त्यातला 'प्रादेशिक' हा शब्द लायसन्समधून आलेला नाही. मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा झाला 1914 साली, आणि चालकाला परवाना हवा ही अट त्यातही होती. 'प्रादेशिक परिवहन प्राधिकरण' मात्र अवतरलं ते 1939 च्या कायद्यात. मधल्या काळात काय घडलं होतं? बस आणि लॉरी रेल्वेचे प्रवासी आणि माल पळवू लागल्या होत्या. मंदीत सापडलेल्या रेल्वेचं उत्पन्न घटत होतं. सरकारने 1930 च्या दशकात मिचेल-कर्कनेस आणि वेजवुड अशा चौकशा नेमल्या, आणि कोणत्या रस्त्यावर कोणाची गाडी धावेल हे परमिट देऊन ठरवायचं, अशी व्यवस्था आली. म्हणजे 'प्रदेश' हा परमिटच्या भाषेतला शब्द. गाडी चालवता येते का, हे तपासणं आणि गाडीला धंदा करू द्यायचा का, हे ठरवणं, ही दोन अगदी वेगळी कामं हळूहळू एकाच खात्याच्या छपराखाली नांदू लागली. 1988 च्या कायद्यानेही दोन्ही कायम ठेवली.

त्याच कायद्याखालच्या 1989 च्या केंद्रीय नियमांत, शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान 30 दिवस थांबल्याशिवाय चाचणी देता येत नाही, असं आहे. चाचणीत काय पाहायचं त्याची यादीही आहे. एजंट मात्र या चित्रात कुठेच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथे सुरू होते. गॅझेट मिळेल, नियम मिळतील, विधिमंडळातली चर्चा मिळेल; छत्रीखालच्या काकांची वही अभिलेखागारात मिळणार नाही. 2015 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी एजंटांना आरटीओच्या आवाराबाहेर काढायचा आदेश दिला, तेव्हा एजंट एकदम कागदावर आले. बंदी घालायची वेळ आली की बंदी घातलेली गोष्ट दस्तऐवजात दिसू लागते. ही खूण लक्षात ठेवा, इतर विषयांतही कामी येते.

सरांच्या प्रश्नाला जवळ जाणारं उत्तर मला इतिहासात नाही, अर्थशास्त्रात सापडलं. मरियान बर्ट्रांड, सिमिऑन जॅन्कॉव, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन यांचा 2007 सालचा निबंध, 'क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मधला. त्यांनी 2004-05 मध्ये दिल्लीत लायसन्स काढायला निघालेल्या 822 जणांचा माग घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला लायसन्स लवकर मिळवलं तर बक्षीस, दुसऱ्याला ड्रायव्हिंगचे फुकट धडे, तिसऱ्याला काहीच नाही. आणि मग, मला सगळ्यात आवडलेली युक्ती, त्यांनी स्वतःची वेगळी चाचणी घेतली. सरकारने पास केलं की नाही, एवढ्यावर ते थांबले नाहीत. माणसाला गाडी खरंच चालवता येते का, हे त्यांनी बाहेरून मोजलं.

निकाल असे: लायसन्स मिळालेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती. स्वतंत्र चाचणीनुसार 62 टक्के जण लायसन्स हातात पडलं तेव्हा गाडी चालवण्याच्या लायकीचे नव्हते. सरकारी फी साधारण 450 रुपये, प्रत्यक्ष खर्च सरासरी 1120 च्या आसपास. बक्षिसवाल्यांना लायसन्स जास्त मिळाली. धडे घेतलेल्यांनाही फायदा झाला, पण तेवढा नाही. वरचे पैसे बहुतेक एजंटांकडे गेले. एजंटाशिवाय येणाऱ्यांना कौशल्य बघून नव्हे तर वाट्टेल तसं नापास केलं जात होतं, आणि त्यामुळे लोक एजंटाकडे वळत होते, असं लेखकांचं म्हणणं आहे.

वाचताना मला दोन गोष्टी झाल्या. आधी आनंद: बघा, पाय टेकला नव्हता! मग लक्षात आलं, हे तर चुकीचं वाचन. त्या निबंधातून एकूण व्यवस्थेचा कल कळतो. त्या दिवशी माझा पाय टेकला की नाही, हे त्यातून कधीच कळणार नाही. शिवाय ती आकडेवारी एका शहराची, वीसेक वर्षांपूर्वीची. आज अर्ज 'सारथी' पोर्टलवर भरतात, आणि 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यांना आरटीओतल्या चाचणीतून सूट आहे. दिल्लीचा 71 टक्के हा आकडा उचलून आजच्या नाशिकला किंवा नागपूरला चिकटवू नका. परीक्षक पहिल्याच पानावर पकडतील.

दुसरी गोष्ट जरा अवघड. मी चाचणी न देता लायसन्स घेतलेली आहे. म्हणजे हा विषय लिहिताना मी तक्रारदार नाही, नमुन्यातली एक आहे. प्रपोजलमध्ये 'संशोधकाचं स्थान' नावाचा परिच्छेद लिहायचा असतो, तो मी आधी तीन ओळींत उरकला होता. आता तो पुन्हा लिहिते आहे. लायसन्स समोर टेबलावर ठेवलं आहे. त्यावर रक्तगट आहे, जारी केल्याची तारीख आहे, वाहनाचा वर्ग आहे. चाचणी झाली होती का, यासाठी रकाना नाही.