हातसडीचा तांदूळ आणि दळणाचा डबा

किराणा दुकानात ‘हातसडीचा तांदूळ’ मागितला, तर तो बहुधा पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा महाग मिळतो. ज्या धान्यावर प्रक्रिया कमी, त्याला किंमत जास्त, हा व्यवहार वरवर उलटा वाटतो. तो तसा कसा झाला हे समजण्यासाठी विसाव्या शतकातील आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासात जावे लागते. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय वर्ध्यात घडला.

आधी भात सडण्याची क्रिया पाहू. भाताचे तूस काढले की आतला दाणा तांबूस किंवा करडा दिसतो. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि एका टोकाला अंकुर. ब-१ जीवनसत्त्व मुख्यतः याच दोन ठिकाणी असते. उखळात मुसळाने कांडताना तूस निघते, पण कोंडा थोडाफार दाण्याला चिकटून राहतो. गिरणीतल्या पॉलिशमध्ये तो जवळजवळ सगळा जातो. याचे परिणाम प्रथम आग्नेय आशियात ठळकपणे दिसले. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, काम करणाऱ्या क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांनी १८९० च्या दशकात पाहिले की, पॉलिश तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांच्या पायांतली शक्ती जाते आणि बिनपॉलिश तांदूळ दिला की त्या सुधारतात. बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातून होत गेला. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तरीही बाजार पांढऱ्या तांदळाकडेच वळला. कोंड्यात तेल असते, ते लवकर खवट होते. पॉलिश तांदूळ मात्र महिनोन्‌महिने टिकतो. साठवणाऱ्या व्यापाऱ्याची सोय आणि ताटातल्या शुभ्र भाताची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी गिरणीच्या बाजूने गेल्या.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ हे नाव पडले. कामाची सूत्रे लंडन आणि कोलंबियात शिकलेले अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. शेगावला म्हणजे पुढच्या सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्कामही मगनवाडीत होता. ‘हरिजन’मधून ते पॉलिश तांदूळ, गिरणीचे पीठ आणि साखर यांच्याविरुद्ध, तर हातसडी, जाते आणि गूळ यांच्या बाजूने लिहीत होते. झवेरभाई पटेल यांनी तेलाची सुधारित घाणी तयार केली; ती ‘मगनवाडी घाणी’ म्हणून ओळखली गेली.

त्याच दशकात मुंबईत वेगळेच काही घडत होते. १९३२ पासून शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागले आणि १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवायचे, ही यामागची रासायनिक प्रक्रिया. खऱ्या तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून पुढे वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तिळाचे तेल रासायनिक चाचणीत लाल रंग देते. डोळ्यांना आणि नाकाला तुपाची पारख करता येईनाशी झाली, तेव्हा ती प्रयोगशाळेकडे गेली.

वर्ध्याचा विचार आरोग्यदृष्ट्या योग्य असूनही घराघरांत का टिकला नाही? संघाच्या मांडणीत दोन मुद्दे एकत्र गुंफलेले होते: कोंडा वाचावा आणि गावाचा रोजगारही वाचावा. परंतु घरातले कांडण-दळण हे रोजगाराचे काम नव्हते. ते पहाटे उठून करायचे बिनमोलाचे काम होते आणि बाईच्याच वाट्याचे होते. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी संकलित केल्या; पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. ही गाणी आपण ठेवा म्हणून जपतो, पण त्यांतून कष्टही बोलतात. गिरणी आली तेव्हा त्या बाईने जाते सोडले, यात नवल नाही.

मात्र जाते सोडताना तिने धान्य सोडले नाही, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. गहू, ज्वारी, बाजरी बाजारातून आणायची, निवडायची, पाखडायची आणि डबा भरून दळायला पाठवायचा, ही रीत शहरांतही टिकली. कष्ट यंत्राने घेतले. निवड घरातच राहिली. पिठात कोंडा राहतो, किती चाळायचा ते घर ठरवते. मैद्याच्या बाबतीत हा निर्णय कारखान्यातच झालेला असतो. तांदळाचेही तसेच झाले. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ मात्र याला अपवाद ठरला. सडण्यापूर्वी भात उकडल्याने ब-१ जीवनसत्त्व दाण्यात आत मुरते, त्यामुळे गिरणीत सडूनही ते बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहते. म्हणजे यंत्र आणि पोषण यांचे वैर अटळ नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५८ साली भातगिरण्यांवर परवान्याचे बंधन घालणारा कायदा झाला, १९९७ साली तो रद्द झाला. दरम्यान हातसडीचा उद्योग क्षीण होत गेला. आज ‘हातसडी’ म्हणून विकला जाणारा तांदूळ अनेकदा यंत्रावरच, फक्त पॉलिश न करता तयार होतो. पोषणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. कोंडा राहिला की काम झाले. पण तो कमी खपतो, लवकर खराब होतो आणि दुकानदाराला जोखमीचा वाटतो. किंमत चढण्यामागे हीही कारणे आहेत. जादा पैसे कांडणाऱ्या हाताला मिळतात, असा समज मात्र करून घेऊ नये.

घरासाठी सकस वाणसामान आणताना जुने तेवढे चांगले आणि यंत्राचे तेवढे वाईट, ही विभागणी म्हणूनच कामाची नाही. काय काढून टाकले, कोणी ठरवले आणि त्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला आले, हे प्रश्न अधिक उपयोगी आहेत. दळणाच्या डब्याने या तिन्हींचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर दिले होते. तांदूळ आणि तेलाच्या बाबतीत तसे उत्तर शोधणे अजून बाकी आहे.