बाळाचे दुपटे : खान्देशच्या कापसाचा घरगुती इतिहास

खान्देशचा इतिहास कापसावाचून सांगता येत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीकडे इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वळली. १८६५ मध्ये युद्ध संपताच चढे भाव कोसळले. परंतु त्याच दशकात आलेल्या लोहमार्गाने जळगावला मोठी बाजारपेठ बनविले. १८७० नंतरच्या दशकात तेथे कापडगिरणी उभी राहिली, तर विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप गिरणी निघाली.

या घडामोडींच्या नोंदी सरकारदरबारी व पेढ्यांवर झाल्या, कारण तेथे मालाला किंमत होती. त्याच कापसाचा शेवटचा प्रवास मात्र कोणत्याही खातेवहीत उतरला नाही. शेतातला कापूस बाजारात गेला, त्याचे लुगडे होऊन घरी आले, ते वर्षानुवर्षे नेसले गेले आणि विरल्यावर त्याचे तान्ह्या बाळासाठी दुपटे झाले. दुपटे विकले जात नसे. म्हणून ते हिशेबातही आले नाही.

जुनेच कापड का, याचे उत्तर दारिद्र्य एवढेच नाही. नव्या कापडात खळ असते आणि त्याचा स्पर्श करकरीत असतो. पुष्कळ धुण्यांनी खळ निघून जाते, सूत सैल पडते, आणि असे कापड बाळाच्या कोवळ्या अंगाला बोचत नाही. मऊ धोतराचे किंवा लुगड्याचे दोन-तीन पदर एकावर एक अंथरायचे, सुरकुत्या हाताने काढायच्या, कडा आत दुमडायच्या आणि कडेपासून मध्याकडे जवळजवळ धावदोरा घालीत जायचे, अशी ही साधी रीत. टाक्यांमुळे पदर सरकत नाहीत आणि पदरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या जळगाव-धुळ्याकडे हिवाळ्याच्या रात्री पारा कधीकधी दहा अंशांखाली उतरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या उबेचे मोल कळते.

ही विद्या एकट्या खान्देशची नव्हे. बिहारमधील सुजनी नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या साड्यांचीच शिवली जाई. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया, ज्यांत कित्येक कॅथलिक आहेत, ठिगळांची ‘कवंदी’ शिवतात; तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. आपल्या मराठीत अशा वस्त्रांना बाळंते हाही शब्द आहे. बेथलेहेमच्या गोठ्यात मरियेने आपल्या बाळाला वस्त्रात गुंडाळले, हा तपशील संत लूकने आवर्जून नोंदविला. राजाच्या जनगणनेची हकिगत सांगताना एका मातेच्या या कृतीला त्याने जागा दिली, ही गोष्ट इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले. त्यांनी गावोगाव हिंडून कागदपत्रे जमविली, आणि १९२७ मध्ये धुळ्यातच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. कागदाला असे घर मिळाले. दुपट्याला ते मिळणे कठीणच होते, कारण ते वापरूनच संपायचे : एका भावंडाकडून दुसऱ्याकडे, तेथून पुढच्या पिढीकडे आणि शेवटी पायपुसण्यापर्यंत. ज्या स्त्रियांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या हातचा हा एकमेव दस्तऐवज असा झिजून गेला.

आज बाजारात कृत्रिम धाग्याची गुबगुबीत पांघरुणे स्वस्तात मिळतात. एक वर्षाखालील बाळाच्या बिछान्यात झोपताना सैल पांघरूण असू नये, असेही आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. तो सल्ला हातच्या दुपट्यालाही लागू आहे आणि तो पाळावा. बाळ जागे असताना मांडीवर घ्यायला किंवा अंगाखाली अंथरायला मात्र ते आजही तितकेच योग्य आहे.

आपल्या घरच्या ट्रंकेत एखादे जुने दुपटे उरले असेल, तर ते कोणाच्या लुगड्याचे, कोणी शिवले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या बाळासाठी, एवढे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून त्याच्या घडीत ठेवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे.