पाण्यात सोडलेला श्वास

पोहायला शिकणाऱ्याचे हातपाय थोड्या दिवसांत वळणावर येतात. अडते ते श्वासापाशी. आज कुठल्याही तरणतलावावर पहिल्याच दिवशी प्रशिक्षक नवख्याला कठडा धरून उभा करतो, तोंडाने हवा घ्यायला सांगतो आणि चेहरा पाण्यात घालून नाकातोंडाने बुडबुडे काढायला लावतो. हा धडा इतका साधा दिसतो की तो पहिल्यापासून असाच असणार, असे वाटते. प्रत्यक्षात पोहण्यावरचे पहिले छापील पुस्तक निघाल्यानंतर जवळजवळ चारशे वर्षे युरोपातले शिक्षण चेहरा कोरडा ठेवण्याच्या खटपटीतच राहिले. या काळात हात कसे मारावेत, पाय कसे झाडावेत यावर भरपूर लिहिले गेले आणि पोहण्याचा इतिहास लिहिणारेही बहुधा त्याच बदलांची नोंद ठेवतात. माझ्या मते त्याहून मोठी घटना दुसरीच आहे: पाण्यात श्वास धरून ठेवायचा नसतो, तो तिथेच सोडायचा असतो, हे शिकवणाऱ्यांच्या ध्यानात येणे.

निकोलाउस विनमन या जर्मन पंडिताने 1538 मध्ये लॅटिन संवादाच्या रूपात पोहण्यावर पुस्तक लिहिले. त्याचा हेतू बुडण्याची भीती कमी करण्याचा होता. केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बीचा लॅटिन ग्रंथ आला 1587 मध्ये. त्याच केंब्रिजमध्ये 1571 साली विद्यार्थ्यांना पाण्यात उतरायला बंदी झाली होती आणि पहिल्या गुन्ह्याला चाबकाचे फटके होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुस्तकामागचे धाडस कळते. डिग्बीच्या चित्रांत पाण्याखालून जाणारा माणूस दिसतो, पण तो आधीच तरबेज झालेल्याचा पराक्रम म्हणून. नवख्यासाठी मात्र तरंगते आधार आणि वर धरलेले डोके. पुढे अर्न्स्ट फॉन फ्युल या प्रशियन अधिकाऱ्याने 1817 मध्ये बर्लिनला श्प्रे नदीवर लष्करासाठी पोहण्याची शाळा काढली, तेव्हा शिपायाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर बांधून तो काठावरच्या दांडीला अडकवत. दोराला लोंबकळत शिपाई बेडकासारखे पाय झाडी आणि हनुवटी पाण्याच्या वर ठेवी. महाराष्ट्रातल्या विहिरीवर पोराच्या पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा बांधून, कमरेचा कासरा थोरल्याच्या हाती देऊन पोहायला शिकवत, त्यात आणि बर्लिनच्या शाळेत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे शिकणाऱ्याचा श्वास जमिनीवरच्यासारखाच चालू राहावा, अशी सोय केलेली आहे.

या रिवाजात एक ठळक अपवाद सापडतो. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणीच तेवनो या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकातल्या सगळ्या हालचाली पाण्यात करून बसला होता. पोहायला शिकू इच्छिणाऱ्या एका मित्राला त्याने पत्रातून जो उपाय सांगितला, त्यात हातपाय कसे मारावेत याचा धडा नाही. छातीइतक्या पाण्यात जा, किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहा, पुढे एक अंडे टाक आणि डोळे उघडे ठेवून बुडी मारून ते उचलून आण, इतकेच. अंडे गोड्या पाण्यात तळाशी जाते आणि पांढरे असल्याने दिसते. पण ते घ्यायला निघालेल्याला कळते की पाणी आपल्याला वर ढकलते आहे, बुडायलाच कष्ट पडत आहेत. फ्रँकलिनला हवा होता तो हा अनुभव. आपल्याकडच्या विहिरीवरही डबा सुटल्यानंतरची परीक्षा अशीच असे: मुटका मारायचा, सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत आणून दाखवायची. म्हणजे श्वासाचे शिक्षण विहिरीवर होते, पण ते सर्वांत शेवटी आणि धीट पोरांपुरते. फ्रँकलिनने ते सर्वांत आधी ठेवले. त्याचे पत्र पुष्कळ वाचले गेले, तरी शाळांनी त्याचा क्रम उचलला नाही. अंडे आणणाऱ्यालाही श्वास धरूनच ठेवावा लागतो, ही त्या उपायातली उणीव खरी आहे. पाण्याखाली निर्धास्त होणे त्याने साधते. पोहता पोहता श्वास घेणे साधत नाही.

ते साधलेली माणसे युरोपने 1844 साली डोळ्यांनी पाहिली होती. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे समाजाचे काही जण तेव्हा लंडनमध्ये आले होते आणि हाय हॉलबर्नच्या स्नानगृहात त्यांच्यातल्या दोघांची शर्यत लावण्यात आली. ते दोघे हात पाण्याबाहेर काढून पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरवत, पाय वरखाली मारत आणि जोराने श्वास बाहेर फुंकत गेले. वार्ताहराने हे सगळे टिपले, फुंकणेसुद्धा, आणि त्याला विचित्र चाळे ठरवून मोकळा झाला. मला या वृत्तांताचे फार महत्त्व वाटते. पाहणाऱ्याच्या पुढ्यात उत्तर होते, पण सभ्य माणसाने पाणी न उडवता, मान ताठ ठेवून पोहावे ही समजूत इतकी पक्की होती की ते उत्तर आहे हे त्याला उमगले नाही. त्यानंतर 1875 मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली, तीही छातीवरच्या पोहण्याने, 21 तास 45 मिनिटांत. जॉन ट्रजनने 1873 मध्ये हात बाहेरून टाकण्याची पद्धत इंग्लंडमध्ये दाखवली, पण त्याचेही डोके वरच होते. चेहरा पाण्यात गेला तो विसाव्या शतकात, क्रॉल या पोहण्याच्या पद्धतीबरोबर. गरट्रूड एडर्लीने 1926 मध्ये ती खाडी क्रॉल पोहत साडेचौदा तासांच्या आसपास पार केली. तोवरच्या पुरुषांच्या उच्चांकापेक्षा सुमारे दोन तासांनी कमी. तिच्या डोळ्यांवर पाणी आत येऊ नये म्हणून मेणाने बंद केलेला चष्मा होता. खाऱ्या पाण्यात तासन् तास चेहरा ठेवायचा, तर त्याची गरज होतीच.

चेहरा पाण्यात गेल्यावर श्वास सोडणे हा सोयीचा प्रश्न राहिला नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखवले की सामान्यतः श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण रक्तातला कार्बन डायऑक्साइड करतो. प्राणवायू कमी झाला म्हणून गुदमरायला होते ही कल्पना बहुतांशी चुकीची आहे. नवखा पोहणारा छाती भरून श्वास घेतो, तो घट्ट धरतो आणि काही हात मारताच गुदमरू लागतो. तेव्हा त्याच्या फुप्फुसांत प्राणवायू पुष्कळ असतो. साठत असतो तो कार्बन डायऑक्साइड. मग तो मान वर काढतो आणि जी जेमतेम सवड मिळते तिच्यात आधीची हवा सोडणे आणि नवी घेणे ही दोन्ही कामे उरकू पाहतो. पहिले काम अर्धवट राहते, दुसऱ्याला जागा उरत नाही, आणि वर काढलेल्या डोक्याच्या वजनाने पाय खाली जातात. त्याला वाटते की आपला दम कमी पडतो. बुडबुड्यांचा धडा ही दोन कामे वेगळी करतो: सोडणे पाण्यात, घेणे पाण्याबाहेर. नाकातून हवा बाहेर चालू असली की पाणी आत शिरत नाही, हा त्यातला दुसरा लाभ.

यावर कोणी म्हणेल की दम धरणे हीच तर पाण्यातली सर्वांत जुनी विद्या आहे. जपानच्या आमा आणि कोरियाच्या हेन्यो या बुडी मारणाऱ्या बाया पिढ्यान् पिढ्या शिंपले काढत आल्या आहेत, आणि आपल्या योगपरंपरेत कुंभकाला केवढा मान आहे! पण या दोन्ही परंपरा जवळून पाहाव्यात. त्या बायांची नेहमीची बुडी साधारण अर्ध्या मिनिटाची असते आणि वर आल्यावर त्या शिट्टीसारखा आवाज करत सावकाश श्वास सोडतात. समुद्रकाठी त्यांची ओळख पटते ती याच आवाजाने. प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक यांचे रूढ प्रमाण एकास चार, चारास दोन असे सांगितले जाते. म्हणजे तिथेही श्वास सोडण्याला तो घेण्याच्या दुप्पट वेळ आहे, आणि साधक बसलेला असतो तो आसनावर. पाण्यात कुंभकाची हौस कुठे नेते हे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकने दाखवले. मासारू फुरुकावाने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमधले बहुतेक अंतर पाण्याखालून कापून सुवर्णपदक मिळवले. ही पद्धत धोक्याची असल्याने लगेच नियम बदलून ती बंद करावी लागली. मग 1961 मध्ये अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने कारण मांडले: बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे धोक्याची सूचनाच मिळत नाही, आणि प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच याला बळी पडतात. विहिरीत किंवा तलावात कोण जास्त वेळ खाली राहतो अशी पैज मुले अजून लावतात. ती थांबवायलाच हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोके वर ठेवून वेबने खाडी पार केली, जॉनी वाइसमुलर 1922 मध्ये 100 मीटर एका मिनिटाच्या आत पोहला तोही डोके बरेच उंच ठेवून, आणि खेड्यापाड्यांतली असंख्य माणसे आयुष्यभर तशीच पोहतात. मग चेहरा ओला करण्याचा एवढा आग्रह कशाला? वेब आणि वाइसमुलर यांच्याजवळ असाधारण ताकद होती. नवख्याला त्यांचे उदाहरण उपयोगाचे नाही. खेड्यातल्या पोहणाऱ्यांविषयी मात्र मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो: शांत पाण्यात, ओळखीच्या विहिरीत डोके वर ठेवून मजेत पोहता येते. प्रश्न येतो तो लाट तोंडावर आदळते तेव्हा, पुराच्या पाण्यात पाय सटकतो तेव्हा. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी 1970 च्या दशकात बुडणाऱ्यांचे वर्तन चित्रफितींवरून अभ्यासले. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, असे त्यांना आढळले. त्याचे तोंड पाण्याच्या आतबाहेर होत राहते आणि बाहेर असण्याच्या त्या क्षणांत श्वास सोडून, घेऊन वर हाक मारायला वेळच उरत नाही. कठड्याशी बुडबुडे काढणारा नवखा हीच हालचाल करत असतो, फक्त त्याचा सोडण्याचा भाग पाण्यातच उरकलेला असतो. पाठीवर डबा बांधून शिकलेल्याला ही वेळ कधी आलेलीच नसते, आणि ती पहिल्यांदा येते तेव्हा डबा सोबत नसतो.