एस. एम. जोशी : तरुणांना घडवणारे आणि तरुणांचं ऐकणारे

एस. एम. जोशींवर बोलताना आपण नेहमी संयुक्त महाराष्ट्रापासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. पण आज मला जरा वेगळ्या बाजूने जायचं आहे. या माणसाने तरुण मुलं कशी घडवली, आणि ती मोठी झाल्यावर त्यांच्याशी तो कसा वागला, एवढंच बघू.

एस. एम. यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४चा, जुन्नरचा. १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेव्हा ते पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. अस्पृश्यांना देवदर्शन मिळावं म्हणून ते सत्याग्रहात उतरले. सत्याग्रहींवर दगड आले. मंदिर तेव्हा उघडलं नाही. स्वतःच्याच जातीच्या, स्वतःच्याच शहरातल्या माणसांच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे काय, हे त्यांनी तिथे अनुभवलं. हा धागा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं आणि एस. एम. दलप्रमुख झाले. रोजची शाखा, खेळ, कवायत, शिबिरं, अभ्यासमंडळं, पुढे कलापथक, असं ते काम. साधं वाटतं ना? पण त्या काळात सगळ्या जातिधर्मांची मुलं-मुली एकत्र खेळणार, एकत्र जेवणार, ही घराघरात भांडण लावणारी गोष्ट होती. जातिभेद वाईट असतो हे भाषणात सांगणं सोपं. ते रोज संध्याकाळी मैदानावर जगायला लावणं अवघड. सेवा दलाने ते केलं. वर्षभरात बेचाळीसचं आंदोलन आलं. सेवा दलाची मुलं त्यात उतरली आणि एस. एम. स्वतः दाढी वाढवून, मौलवीच्या वेषात, 'इमाम अली' या नावाने मुंबईत भूमिगत राहिले.

आता खरा प्रश्न. घडवलेला तरुण आपल्यापेक्षा वेगळं बोलू लागला, की नेत्याने काय करायचं? मधु लिमये यांचं उदाहरण घ्या. पुण्याचा हा मुलगा, कॉलेजच्या वयात समाजवादी चळवळीत आला, तो एस. एम. यांच्या सहवासात वाढला. १९५५ साली लिमये डॉ. लोहियांबरोबर प्रजासमाजवादी पक्षातून बाहेर पडले. एस. एम. मूळ पक्षातच राहिले. वाटा वेगळ्या झाल्या. १९६४ साली दोन्ही पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला, त्याचे अध्यक्ष एस. एम. होते. काही महिन्यांतच तो फुटला. एस. एम. यांचे जुने सोबती ना. ग. गोरे परत फिरले. एस. एम. मात्र लोहिया-लिमयांच्या बाजूलाच राहिले. १९६७ साली ते पुण्यातून लोकसभेत गेले, तेव्हा लिमये तिथे आधीपासून होते, १९६४च्या पोटनिवडणुकीत मुंगेरहून निवडून आलेले. म्हणजे त्या सभागृहात शिष्य ज्येष्ठ आणि गुरू नवखा! शिष्य पुढे गेल्याचं ज्याला दुःख होत नाही, तोच खरा शिक्षक.

याचा अर्थ सगळं छान झालं असं नाही. इतकी चांगली माणसं घडवूनही समाजवाद्यांना एक पक्ष टिकवता आला नाही. प्रामाणिकपणा शिकवता आला, एकत्र राहणं शिकवता आलं नाही. आदरांजली वाहताना हेही बोललं पाहिजे.

पण आता तो पर्वतीचा धागा. जुलै १९७८मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. एस. एम. तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. ज्या विद्यार्थ्यांवर त्यांनी आयुष्यभर जीव लावला, त्या वयाचे तरुण समोर विरोधात उभे. तरी ते नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले. अपमान सोसला, पण भूमिका सोडली नाही. तरुणांवर प्रेम करायचं म्हणजे त्यांना आवडेल तेच बोलायचं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

१ एप्रिल १९८९ रोजी एस. एम. गेले. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. त्यांना तो बघायला मिळाला नाही. पर्वतीचं दारही त्यांच्या सत्याग्रहात उघडलं नव्हतं. आपल्या हयातीत फळ दिसलं नाही तरी झाड लावायचं, हे ज्यांच्याकडून शिकावं अशा माणसांत एस. एम. आहेत. आज कुठल्या मैदानावर ती रोजची शाखा आपण भरवतो आहोत, हा प्रश्न तुमच्यापाशी ठेवतो आणि थांबतो.