शत्रू कोण, हे ठरवायचं कुणी?

 

एखाद्याला पकडलं आणि सरकारने सांगितलं, हा शत्रू आहे. आता तो खरंच शत्रू आहे की नाही, हे तपासायचं कुणी? पकडणाऱ्यानेच, की तिसऱ्या कुणी? हा साधा प्रश्न निकाली काढायला अमेरिकेत सहा वर्षांहून जास्त काळ गेला.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं. ११ जानेवारी २००२ ला पहिले २० कैदी क्युबातल्या ग्वांतानामो नौदल तळावर आणले. पुढे एकूण आकडा ७८० च्या घरात गेला. जागा विचार करूनच निवडली होती. जमीन क्युबाची, १९०३ पासून भाडेपट्ट्याने अमेरिकेकडे. ताबा पूर्ण अमेरिकेचा, पण कागदोपत्री परदेश. म्हणून बुश सरकार म्हणत होतं, इथल्या परदेशी कैद्यांना आमच्या कोर्टाची पायरी चढता येणार नाही.

शब्दही असाच निवडलेला. युद्धकैदी म्हटलं की जिनिव्हा कराराचे हक्क आले. आरोपी म्हटलं की खटला आला. म्हणून ‘एनिमी कॉम्बॅटंट’, म्हणजे शत्रुपक्षाचा लढवय्या. युद्ध संपेपर्यंत डांबून ठेवायचं, आणि युद्ध कधी संपणार ते कुणालाच माहीत नाही!

कैद्यांच्या वतीने नातेवाईक आणि वकिलांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. या अर्जाचा अर्थ ‘याला निर्दोष सोडा’ असा नसतो. ‘कशाच्या आधारावर धरलंय ते न्यायाधीशासमोर सांगा’, एवढीच मागणी असते.

२८ जून २००४ ला सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आले. रसूल खटल्यात ६ विरुद्ध ३ ने ठरलं की ग्वांतानामोतला परदेशी कैदीही अर्ज करू शकतो. दुसरा खटला यासर हमदीचा. जन्म लुईझियानातला, म्हणजे अमेरिकन नागरिक. कोर्टाने सांगितलं, नागरिकाला निःपक्ष व्यक्तीपुढे आपली बाजू मांडू द्यावीच लागेल. युद्ध आहे म्हणून राष्ट्राध्यक्षांना कोरा चेक मिळत नाही. आता गंमत बघा. ज्याला दोन वर्षं वकीलही भेटू दिला नव्हता, त्याला सरकारने चार महिन्यांच्या आत सौदी अरेबियाला सोडून दिलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. अटींमधली एक, नागरिकत्व सोडायचं.

संसदेने मात्र कायदे करून कैद्यांची कोर्टाची वाट पुन्हा अडवली. अखेर १२ जून २००८ ला बूमेदियन खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने कोर्ट म्हणालं, हा हक्क थेट संविधानाचा आहे, तो असा काढून घेता येणार नाही.

हा लखदर बूमेदियन रेड क्रेसेंटसाठी काम करणारा, बोस्नियात राहणारा. अमेरिकन वकिलातीवर हल्ल्याचा कट केल्याचा संशय. पुरावा नाही म्हणून बोस्नियाच्याच कोर्टाने त्याला आणि पाच साथीदारांना सोडायला सांगितलं, तरी जानेवारी २००२ मध्ये सहाही जण अमेरिकेच्या हवाली झाले. पुढे वकिलातीचा आरोप अमेरिकेनेच मागे घेतला. हे लोक अफगाणिस्तानात लढायला जाणार होते, असं नवं कारण आलं. बुश यांनीच नेमलेले न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी २००५ मध्ये यांचे अर्ज फेटाळले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच न्यायाधीशांनी पुरावा तपासला. निघालं काय? एका गुप्त कागदातला, एकाच अनामिक माणसाचा दाखला. सहापैकी पाच जणांना सोडण्याचा हुकूम झाला. बूमेदियन मे २००९ मध्ये फ्रान्सला पोहोचला, सात वर्षं घालवून.

सरकारची अडचण खोटी नव्हती. रणांगणावर पंचनामा होत नाही. शिवाय ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य आरोपी खालिद शेख मोहम्मद हाही तिथेच आहे. पण म्हणूनच तर तपासणी हवी. एकाच कुंपणात कटाचा म्होरक्या आणि संशयावर धरलेला माणूस, दोघांवर शिक्का सारखाच. बाहेरच्या कुणी बघितल्याशिवाय फरक कळणार कसा?

हे आपल्याला लांबचं वाटायला नको. आपल्याकडे युद्धाऐवजी आणीबाणीचं कारण होतं. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांचे असेच अर्ज नऊ हायकोर्टांनी ऐकण्याजोगे मानले. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने ते दार बंद केलं. विरोधातले एकटे न्या. एच. आर. खन्ना. बहुमतात आपले न्या. य. वि. चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असं २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, निकालपत्रात लिहिलं. मधे ४१ वर्षं गेली.

मी तालुक्याच्या कोर्टाच्या बातम्या करतो. अटकेनंतर २४ तासांत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करतात. दोन-चार मिनिटांचं काम, कुणाचं लक्षही नसतं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये काहीही लिहिलेलं असो, त्या दोन-चार मिनिटांत पोलिसांना कारण सांगावं लागतं. ग्वांतानामोतले लोक वर्षानुवर्षं एवढंच मागत होते.